शाळेच्या खाचराची खरी हकिकत

शाळेचा इतिहास विचारायला कुणी आलं, की मी कपाटातून सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढून त्याच्या हातात देतो आणि चहा सांगायला आत जातो. चहा सांगायला तेवढा वेळ लागत नाही. पण मी परत येईपर्यंत पाहुण्याची चार पानं चाळून झालेली असतात आणि प्रश्न संपलेले असतात. लेख माझाच, खाली नावही माझंच. ‘सर, तुम्ही सगळं लिहूनच ठेवलंय की,’ असं म्हणून माणसं उठतात. अशी मी बरीच वर्षं काढली. त्या लेखातला एक परिच्छेद खोटा आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिला कळलं असावं, पण तिनेही विचारलं नाही.

आता शाळेचे माजी विद्यार्थी नवी स्मरणिका काढत आहेत. सुरुवातीला ते नवा लेख मागत होते, तेव्हा मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. मग त्यांनी कळवलं, की जुनाच लेख जसाच्या तसा घेतो, फक्त तुमची परवानगी द्या. म्हणजे तो परिच्छेद पुन्हा छापला जाणार, आणि माझ्यानंतर तोच खरा ठरणार. म्हणून हे लिहायला बसलो. जुना लेख छापायचा असेल, तर हे त्याच्या शेजारी छापावं.

आमची शाळा मुरबाड तालुक्यातली. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, कौलारू, लांबट. पुढे मैदान, मागे उतरण आणि उतरणीच्या तळाला भाताचं खाचर. आभाळ मोकळं असलं की तिथून सिद्धगड दिसायचा. मी मूळचा शहापूरकडचा, तानशाजवळचा. नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. शाळेला परंपरा पुष्कळ होत्या. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा दहावीच्याच मुलाने वाजवायचा. नवीन शिक्षकाला पहिल्या दिवशी प्रार्थना म्हणायला लावायची, मग त्याचा आवाज कसाही असो. पण जुना विद्यार्थी आजही भेटला, तर तो या गोष्टी काढत नाही. तो आवणी काढतो, आणि पंगत.

आषाढात आवणीला, म्हणजे भात लावायला, एक दिवस वर्ग बंद असायचे. रोपं आधीच शाळेच्या राबावर, म्हणजे भाजून केलेल्या वाफ्यात, तयार झालेली असत. सगळी शाळा खाचरात उतरायची. चिखलात पहिला पाय मुख्याध्यापकांचा, हा नियम. मुली दोन्ही हातांनी झपझप लावत जात आणि मुलांना हसत. ‘सर, रोप उलटं लावलंत!’ असं पाचवीतल्या पोरीने मला एकदा सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. कल्याणहून येणाऱ्या इंग्रजीच्या बाई बांधावरून घसरून बसल्या, तेव्हा दहावीच्या मुलांनी त्यांना इतक्या आदराने उचललं, की बाईंना रडू यायचं ते हसूच आलं. ऑक्टोबरात कापणी, मग झोडणी. ते तांदूळ माघापर्यंत राखून ठेवायचे आणि दहावीच्या निरोपाला त्यांचा भात शिजवायचा. बरोबर वालाचं बिरडं आणि पापड. खाली पळसाच्या पत्रावळी. जो जसा येईल तसा बसेल, वर्ग नाही, गाव नाही, आळी नाही. दहावीची मुलं वाढायची आणि सगळ्यात शेवटी जेवायची. त्यांना त्या दिवशी पाचवीची पोरं वाढायची, सांडत, लवंडत.

ही पद्धत सुरू केली ती माझ्या मित्राने. तो विज्ञान शिकवायचा. मुलांनी त्याचं नाव खाचरसर ठेवलं होतं, आणि ते तोंडावर म्हटलेलं त्याला चालायचं. आम्ही दोघे एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो. मी कुणब्यांच्या घरातला, तो टोकावड्याच्या अलीकडच्या बौद्धवाडीतला. त्याच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर लगेच धर्म बदललेला. तो याच शाळेत शिकलेला, आणि त्यामुळे त्याला इथली एक गोष्ट माहीत होती जी मला माहीत नव्हती.

ती त्याने मला बांधावर बसून सांगितली. आम्ही मुलांबरोबर बांध लिंपत होतो आणि दम खायला टेकलो होतो.

“तुला काय वाटतं, मी हे कशापायी करतोय?” त्याने विचारलं.

“पोरांना शेती यावी म्हणून.”

“ह्या पोरांना शेती? ह्यांच्या आया ह्यांना पोटात घेऊन लावणी करतात रे. ह्यांना मी काय शिकवू?”

मग त्याने सांगितलं. त्याच्या शाळेच्या दिवसांत निरोपाला सगळे घरून डबे आणायचे आणि एकमेकांत वाटून खायचे. त्याच्या आईने त्या दिवसासाठी तांदळाच्या घावण्या केल्या होत्या. त्याच्यापुरत्या नव्हेत, वर्गाला पुरतील एवढ्या. तो डबा उघडून बसला. कुणी काही बोललं नाही, कुणी हाकललं नाही. फक्त डब्यात कुणाचा हात आला नाही. त्यालाही कुणी आपल्या डब्यात बोलावलं नाही. त्याने डबा बंद केला आणि घरी नेला.

“आईनं उघडून बघितला. म्हणाली, संपल्या नाय? मी म्हटलं, पोरांची पोटं भरलेली गो. तिनं काय विचारलं नाय. रात्री तिनं एकटीनं बसून त्या खाल्ल्या. आमाला कुणाला दिल्या नाय.”

तो शिक्षक म्हणून परत आला तेव्हाही डबे होतेच, आणि त्या दिवशी वाडीतल्या मुली शाळेतच येत नव्हत्या. कुणी त्यांना येऊ नका म्हटलेलं नव्हतं. मागचा तो कोपरा म्हणजे नुसता चिखल होता. सरकारने शाळेला दिलेल्या जमिनीतलाच तो भाग, पण कुणाला नको होता. गुरं रुतायची. त्याने मुख्याध्यापकांकडून तो मागून घेतला आणि मुलांना घेऊन बांध घातले.

“भात शाळेच्याच खाचरातलं असलं, की कुणाच्या घरचं ते कोण विचारणार? आणि सगळ्यांनी पाय घातलेत चिखलात. आता कुणाच्या पायाचा विटाळ धरतील?” असं म्हणून तो हसला आणि उठून पुन्हा बांध लिंपायला लागला.

पहिल्या वर्षी काही घरांतून कुरकुर झाली. काही मुलं पोटदुखी सांगून घरी राहिली. त्याने कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी ती मुलं आली, कारण आवणीत मजा होती, आणि स्वतः लावलेलं भात खायला कोण येणार नाही? पुढे तर कुणाला आठवेनासं झालं, की कधी काही वेगळं होतं.

नव्वदच्या दशकात शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिकेचा संपादक मी, आणि शाळेचा इतिहासही मलाच लिहायचा होता. मी मित्राला म्हटलं, खाचराचं तूच लिही.

“मला नाय जमत तुझ्यासारखं. तूच लिही,” तो म्हणाला. “आणि माझं नाव नको घालू. उगाच लोक म्हणतील, मिरवतोय. का सुरू झालं, तेवढं मात्र लिही. नायतर पुढची पोरं नुसती चिखलात उड्या मारतील आणि एक दिवस कोणतरी म्हणेल, कशाला पाहिजे हे?”

मी लिहिलं. डबे, न येणाऱ्या मुली, चिखलाचा कोपरा, सगळं. आजही मला वाटतं, मी आयुष्यात जे काही लिहिलं त्यात ते पान सगळ्यात बरं होतं. छापायला जाण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे संस्थापकांच्या मुलाने, मजकूर मागवून घेतला आणि दोन दिवसांनी मला घरी बोलावलं. माणूस सभ्य. आवाज चढवून बोललेला मी कधी ऐकला नाही. चहा आला, बशीत बिस्किटं आली.

“सर, लेख झकास. फक्त तो डब्यांचा भाग...”

“खरा आहे तो, साहेब.”

“खोटा कुठं म्हणतोय मी? पण बाहेरची माणसं येणार, मोठे पाहुणे येणार. आपल्याच गावाची लक्तरं आपणच वेशीवर कशाला टांगायची? आणि आता कुठं राहिलंय तसलं?”

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

“गावात म्हणतात, ती जागा आमच्या बाबांनी दिली. तुमच्या काय ऐकण्यात आलंय?”

ती जागा कुणाची होती, हे मला नक्की ठाऊक होतं. मुख्याध्यापकांची खुर्ची त्या जूनमध्ये रिकामी होणार होती, हेही ठाऊक होतं. खुर्चीबद्दल अध्यक्ष एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते, तर आज मला सांगायला काहीतरी आधार असता.

“असेल,” मी म्हणालो.

घरी येऊन मी तो परिच्छेद स्वतः बदलला. ‘संस्थापक अध्यक्षांनी आपल्या मालकीचे खाचर शाळेस देऊन विद्यार्थ्यांच्या मनी श्रमप्रतिष्ठेचे बीज रुजविले.’ मला कुणी वाक्य लिहून दिलं नव्हतं. माझंच, आणि लिहिताना ‘बीज रुजविले’ हे मला आवडलंही होतं. मित्राने नाव नको म्हटलं होतं, ते मी पाळलं. कारण लिही म्हटलं होतं, ते गाळलं.

समारंभात तो लेख मी माइकवरून वाचला. मित्र शिक्षकांच्या रांगेत बसला होता. वाक्य आलं तेव्हा मी वर बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तो स्मरणिका घेऊन माझ्यासमोर बसला.

“भाषा चांगली झालीय,” तो म्हणाला. “आमाला अशी नाय येत.”

एवढंच. पुन्हा त्याने तो विषय माझ्याजवळ काढला नाही. जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो. आषाढात चिखलात पहिला पाय माझा पडला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो पलीकडच्या बांधावर मुलींना रोपांच्या मुठी देत होता.

दोन हजार सालानंतर आमच्या रस्त्याला भाव आला. मुंबई-ठाण्याची माणसं फार्महाउससाठी जागा बघत फिरू लागली. जुने अध्यक्ष वारले होते आणि मुलगा अध्यक्ष झाला होता. तोही सभ्य. शाळा समितीच्या एका बैठकीत त्याने विषय मांडला, की आजोबांनी शाळेला वापरायला दिलेली मागची जागा आता घरच्यांना परत हवी आहे. तिथे लग्नकार्यासाठी लॉन करायचं आहे, उत्पन्नातून शाळेलाही मदत होईल. सातबारा संस्थेच्या नावावर होता, पण संस्था त्यांच्या घरात होती. विरोध कोण करणार?

मित्र तेव्हा समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी होता. तो उभा राहिला.

“ती जागा कुणी दिलेली नाय. सरकारनं शाळेला दिलेल्या जमिनीतलाच कोपरा आहे तो. दलदल होती. आमी पोरांना घेऊन बांध घातलेत.”

“सर, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय,” अध्यक्ष म्हणाले. समोरची स्मरणिका त्यांनी उघडून टेबलावर माझ्याकडे सरकवली. “मुख्याध्यापक, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो.”

“मग खरं असेल ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. माझ्या निवृत्तीला थोडा काळ राहिला होता, पेन्शनच्या कागदांवर यांच्याच सह्या लागणार होत्या, आणि इतक्या वर्षांनी आपणच आपल्याला खोटं कसं ठरवायचं, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

“त्या वेळी मिळालेल्या माहितीवरून लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“माहिती मीच दिलेली ह्याला,” मित्र म्हणाला. “बांधावर बसून.”

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, “चला, म्हणजे दोघांचं एकच आहे. मंजूर.” मित्र खाली बसला. पुढच्या विषयावर चर्चा होईपर्यंत तो टेबलाकडे बघत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर मला कुठे बघायचं ते सुचलं नसतं.

खाचरात भराव पडला. वर हिरवळ आली, कमान आली. त्या वर्षी निरोपाला विकतचे तांदूळ आणू, असं मी सुचवलं. पालकांच्या सभेत एक बाई म्हणाल्या, की बाहेरचं अन्न मुलांना सोसत नाही, त्यापेक्षा ज्याने त्याने घरून डबा आणावा, सुटसुटीत होईल. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्यात बहुतेक आमचेच जुने विद्यार्थी होते, त्या पंगतीत जेवलेले. त्यांना ती पंगत प्रेमाने आठवत होती. ती कशासाठी होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. मी सभेचा अध्यक्ष होतो. मी म्हणालो, “ठीक आहे, डबे आणू.”

ते मित्राचं नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. निरोपाच्या दिवशी मी दहावीच्या वर्गावरून गेलो. कोणते बाक रिकामे होते, ते मला निरखून बघावं लागलं नाही. वाडीतल्या मुली आल्या नव्हत्या.

जेवणाच्या वेळी मुलं मैदानात आपापले घोळके करून बसली. मित्र व्हरांड्याच्या पायरीवर बसला, त्याने डबा उघडला आणि मोठ्याने हाक दिली, “या रे, कोण येतंय खाचरसरांकडे? घावण्या आहेत.” दोघं-तिघं गेले. बाकीचे लाजले, की आपल्या घोळक्यात रमले, की आणखी काही, मी सांगू शकत नाही. त्याने मला व्हरांड्यात उभा बघितलं.

“काय मुख्याध्यापक, येताय ना?”

“आलोच,” मी म्हणालो.

तेवढ्यात पाहुण्यांबरोबर फोटोला मला बोलावणं आलं. फोटो झाला, मग भाषणं झाली. मी परत आलो तेव्हा तो डब्याचं झाकण लावत होता. डबा रिकामा झाला होता की नाही, ते मी बघितलं नाही.

निवृत्तीनंतर तो वाडीवरच्या घरी राहायला गेला. मी एकदा ठरवून गेलो. जाताना गाडीत वाक्य पाठ केलं, पाठांतराला मुलांना बसवायचो तसं. त्याच्या घरी पोचलो तर तो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. गुडघे आखडले होते, श्वास लागत होता, पण आवाज तोच.

“आज इकडं कुठं रस्ता चुकलास?”

“सहज.”

वहिनींनी भात केला, वालाचं बिरडं केलं. “तुमच्या शाळेचा नाय, रेशनचा आहे, गोड मानून घ्या भावोजी,” त्या म्हणाल्या, आणि मित्र खो खो हसला. मी दोनदा भात मागून घेतला. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोललो. कल्याणच्या बाईंचं घसरणं निघालं, तेव्हा हसता हसता त्याला खोकला आला आणि वहिनी पाणी घेऊन धावल्या. प्रत्येक गोष्ट संपली की मला वाटायचं, आता सांगून टाकावं. मग तो नवीन काहीतरी काढायचा. तो मला मदत करत होता की टाळत होता, हे मला आजही कळलेलं नाही.

काठी टेकत तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. आम्ही एसटीची वाट बघत दगडावर बसलो. समोर कुणाच्यातरी खाचरात आवणी चालली होती.

“तुला काय बोलायचं होतं का रे?” त्याने बाया लावत होत्या तिकडे बघतच विचारलं.

“नाय रे. काय नाय.”

“बरं,” तो म्हणाला.

एसटी आली. मी चढलो. खिडकीतून मी हात केला, त्याने काठी वर केली. दिवाळीच्या आधीच तो गेला. मी त्याच्या घरी पोचलो, पण तोवर सगळं आटोपलं होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली त्याचा फोटो. वहिनींनी चहा दिला. त्यांनाही मी काही बोललो नाही.

पाठ केलेलं वाक्य अजून तोंडपाठ आहे. ते असं होतं: ती जागा कुणी दिलेली नव्हती, आणि तिथलं भात तू का लावलंस ते फक्त मला माहीत होतं, मी ते गिळलं, एकदा नाही, तीनदा, माझं चुकलं रे.